आधी आवक, मग जावक

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला एकदम सत्तावीस अपडेट्स हवी होती, आणि मी एकतीस वर्षांच्या नोकरीत न वाचलेला कागद कधी आत घेतलेला नाही. या दोन गोष्टी एका घरात आल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्यात माझा दोष किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे, पण ते सांगणार नाही.

मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक कारकून होतो. लोकांना वाटतं, आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या पाकिटाला डिंक लावायचा, यात काय अक्कल लागते? असो, लोकांना काहीही वाटतं. माझ्या टेबलावर तीन शिक्के असत: ‘तातडीचे’, ‘कार्यवाहीत’ आणि ‘दप्तरी दाखल’. आणि टेबलामागच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात एक पाटी असे: ‘आधी आवक, मग जावक.’ म्हणजे सकाळी आलेला शेवटचा कागद वहीत चढल्याशिवाय इथून एक चिटोरंही बाहेर जाणार नाही. पाच साहेब आले, पाचही जणांनी त्या पाटीवरून डोकं आपटलं आणि पाचही जण बदलून गेले. पाटी मात्र मी निवृत्त होईपर्यंत जागेवर होती.

आता त्या आठवड्यातली मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या घरात शांतता होती.

तीस वर्षांच्या संसारात ‘शांतता’ हा शब्द मी नेहमी चांगल्या अर्थानं वापरला होता. आमची ही बोलायला लागली की कुकर आपणहून शिट्टी थांबवतो, असं मी चारचौघांत म्हणत असे आणि लोक हसत असत. पण ही आता बोलत नव्हती. त्याचं कारण एक पुस्तक.

हॉस्पिटलच्या टेलिफोनवर एक ऑपरेटरबाई आहेत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी ही दिवसातून दहा वेळा तिथे फोन करायची, त्यातून दोघींची ओळख झाली आणि मग मैत्री. बाईंना जन्मापासून दिसत नाही. त्यांना खात्याची परीक्षा देऊन वरच्या जागेवर जायचं होतं, पण सरकारी नोकरीच्या नियमांचं ते जाडजूड पुस्तक ऐकायला कुठेच मिळत नव्हतं. वयामुळे ही त्यांची शेवटची संधी. ही म्हणाली, “त्यात काय, मी वाचून देते.” आणि खरंच छोट्या खोलीत, डोक्यावरून गोधडी घेऊन, समोर माईक ठेवून हिनं चौदाच्या चौदा धडे वाचले. माईकवर फुंकर लागू नये म्हणून त्याला माझा मोजा घातला होता. पहिल्या दिवशी तो धुतलेला नव्हता, त्यावरून आमचं जे बोलणं झालं तेही पहिल्या धड्यात थोडं आलेलं आहे.

भाचीनं हिला सगळं सोपं करून दिलं होतं. कॉम्प्युटर सुरू झाला की रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आपोआप उघडायचा. कीबोर्डवरचं ते सगळ्यात लांब बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की बंद, आणि फाइल आपोआप जपून ठेवली जायची. बाकी कशाला हात लावायचा नाही.

चौदाव्या धड्याच्या शेवटच्या पानावर हिचा आवाज गेला. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, “स्वरयंत्रावर छोटीशी गाठ आलीये. दहा दिवस एक शब्दही बोलायचा नाही. बहुतेक बसेल ती. नाही बसली तर बघू.”

हिनं त्यातलं ‘बहुतेक बसेल’ ऐकलं. मी फक्त ‘बघू’ ऐकलं. एकतीस वर्षं मी स्वतः लोकांना ‘बघू’ म्हणत आलोय. त्याचा अर्थ काय होतो ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

तर घरात भाचीची जुनी पाटी निघाली आणि ही त्यावर लिहून बोलायला लागली. बुधवारी सकाळी पाटीवर आलं: ‘शनिवारी दहाला बाई येतील. धडे पेनड्राइव्हवर घालून ठेवा. आजच.’ ‘आजच’खाली दोन रेघा होत्या.

पाच मिनिटांचं काम. मी कॉम्प्युटर लावला, पेनड्राइव्ह हातात घेतला आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं दिसली: ‘२७ अपडेट्स प्रलंबित.’

प्रलंबित! ज्यानं कुणी हा शब्द तिथे टाकला त्याला माझ्यासारखी माणसं ठाऊक नसणार. निवृत्तीच्या दिवशी माझ्या टेबलावर प्रलंबित कागद शून्य होते, आणि इथे माझ्याच घरात सत्तावीस. त्यात त्याच दिवशी पेपरात आलं होतं की अपडेट न केलेल्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरतात, आतल्या फाइलींना कुलूप घालतात आणि निघून जातात. माझ्या डोळ्यांसमोर एकदम हिचे चौदा धडे आले. मी पेनड्राइव्ह खिशात ठेवला. आधी हे निकाली काढायचं, मग ते बाहेर द्यायचं. आधी आवक, मग जावक. तेव्हा यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही.

लांब वही काढली, रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, शेरा. ‘कोणाकडून’ या रकान्यात सत्तावीस वेळा एकच नाव आलं. ‘विषय’ हा रकाना मात्र भरता भरेना. प्रत्येकाला सात आकडी नंबर, आणि पुढे लिहिलेलं: ‘काही समस्यांचे निराकरण.’ कोणत्या समस्यांचं? कुणाच्या? असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो खुलासा मागवून परत पाठवला असता.

म्हणून दोन जाणकारांचं मत घ्यायचं ठरवलं.

खालच्या मजल्यावर विमेवाले राहतात. जन्मभर लोकांना विमा विकल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीत आधी अपघात दिसतो. ते म्हणाले, “एकही घेऊ नका. अहो, घरात अनोळखी माणूस आला तर दार उघडता का? मग सत्तावीस जणांना एकदम?” समोर दातांचे डॉक्टर राहतात. ते म्हणाले, “सगळी घ्या, आजच्या आज. आज घेतली नाहीत तर उद्या आतून किडेल आणि मग माझ्याकडे आलात तरी उपयोग नाही.” तसा त्यांच्याकडे जाण्याचा माझा विचार नव्हताच. दोन्ही बाजू ऐकून माझी भीती दुप्पट झाली, एवढंच काय ते निष्पन्न.

शेवटी मी माझ्या पद्धतीनं गेलो. जुने शिक्के घरीच होते, ते कसे घरी आले ते विचारू नका. गुरुवारभर बसून बारांवर ‘तातडीचे’ मारलं, नवांवर ‘कार्यवाहीत’, आणि सहा दप्तरी दाखल, म्हणजे कायमची बाजूला. त्या सहांत एक खेळाचं होतं, एक हवामानाचं, तीन हसऱ्या-रडक्या तोंडांच्या चित्रांची, आणि एक पडद्याचं. पडद्याचं म्हणजे, स्क्रीनवर चित्र नीट दिसावं म्हणून. मला सगळं नीट दिसत होतं. ही निव्वळ चैन आहे असा शेरा लिहून मी तेही दाखल करून टाकलं.

संध्याकाळी पाटी आली: ‘झालं का?’

“कार्यवाहीत आहे,” मी म्हणालो.

पूर्वी यावर मला दहा मिनिटं ऐकावं लागलं असतं, त्यात माझ्या आत्याचाही उद्धार झाला असता. आता हिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पाटी पुसली. मला आत्याचा उद्धार चालला असता.

शुक्रवारी सकाळी ही अंघोळीला गेल्यावर मी निवडलेल्या एकवीस अपडेट्सना मंजुरी दिली. पडद्यावर आलं: ‘काम सुरू आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.’ मी ताबडतोब मेन स्विचसमोर खुर्ची टाकली आणि स्विचवर कागद चिकटवला: ‘हात लावू नये. आदेशावरून.’ मिक्सर लावू दिला नाही. ही पाटी आणायला गेली तेवढ्यात मी इस्त्रीची वायर लपवली. तीस टक्के झाले. एकेचाळीस झाले. त्रेसष्टवर ते जे थांबलं ते थांबलंच. दुपारचं जेवण मी खुर्चीत बसून केलं. आमटीची वाटी गार झाली तरी त्रेसष्ट. मला वाटायला लागलं, आत कुठेतरी माझ्यासारखाच कुणीतरी बसलाय आणि तो माझ्या सह्या तपासतोय.

दोनच्या सुमाराला ही पडायला गेली आणि एकदम त्रेसष्टचे शंभर झाले. पडदा मिटला, ‘टुंग’ असा आवाज आला आणि मग सगळं काळं. पाच मिनिटं वाट पाहिली, दहा मिनिटं पाहिली, पण काळं ते काळंच.

नऊ तासांचं वाचन त्या डब्यात होतं. सोमवारी बाईंचा पेपर. ही पुन्हा वाचू शकत नव्हती, कदाचित कधीच वाचू शकली नसती. आणि एक प्रत काढून ठेवायला सांगितलेला पेनड्राइव्ह माझ्या खिशात कोरा पडला होता.

मी चप्पल न घालता खाली गेलो आणि विमेवाल्यांना आणलं. येता येता दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले, तेही आले. आवाज न करता या, ही झोपलीये, असं मी दोघांनाही बजावलं. त्यामुळे दोघंही नेहमीपेक्षा मोठ्यानं कुजबुजत होते.

“सांगितलं होतं मी,” विमेवाले म्हणाले. “काय म्हणालो होतो? सत्तावीस जणांना एकदम!”

“एकवीस,” मी म्हणालो.

“तेच तर!” डॉक्टर म्हणाले. “अर्धवट काम केलंत. निम्मी कीड आत ठेवून वर सिमेंट भरलंत.”

“ते जाऊ द्या. ते एवढं मोठं बटण कशाला दिलंय? दाबून बघा,” विमेवाले म्हणाले आणि त्यांनीच ते लांब बटण दाबलं. “काही झालं?”

काही झालं नाही. डॉक्टरांनी डब्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली, कान लावला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “घरघर लागलीये. अजून धुगधुगी आहे. तो टुंग आवाज आला ना मघाशी? तो शेवटचा आचका.” मग वायर ओढून काढावी की नाही यावर त्या दोघांचं जुंपलं. डॉक्टर म्हणत होते, मुळापासून उपटा. मी मात्र वायरीला हात लावू दिला नाही. पडद्यावरचा शेवटचा लेखी आदेश ‘बंद करू नका’ असा होता आणि तो मागे घेतल्याचं मला कुणीही कळवलेलं नव्हतं.

दोघांना तिथेच भांडत ठेवून मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. वीस मिनिटं एकच बासरी वाजत होती. मग एक बाई आल्या.

“सर, आपण अपडेट्स अर्धवट घेतलीत का?”

“अर्धवट नाही, निवडक,” मी म्हणालो. “प्रत्येकाची छाननी करून.”

“सर, ती निवडायची नसतात.” पलीकडे कुणीतरी हसल्याचं मी स्पष्ट ऐकलं. एकतीस वर्षांची सेवा, एकही ठपका नाही, आणि हे ऐकायचं!

“बरं, आता काय करायचं?”

“आपली तक्रार नोंदवून घेतलीये. तीन दिवसांत आमचा माणूस संपर्क साधेल.”

“अहो, मला उद्या दहाला हवंय! माझ्या बायकोचा... एका बाईंची परीक्षा आहे. शेवटची संधी आहे त्यांची.”

“हो सर. बघतो आम्ही.”

मी फोन ठेवला. मला एकदम एक म्हातारे गृहस्थ आठवले. नळाला चार महिने पाणी नाही म्हणून माझ्या टेबलासमोर ते रोज येऊन उभे राहायचे, आणि मी मान वर न करता हेच म्हणायचो. त्यांचं पुढे काय झालं ते मला आजही ठाऊक नाही.

ते दोघे आपापल्या घरी गेले. जाताना विमेवाले म्हणाले, “धीर धरा,” म्हणजे त्यांच्या मते सगळं संपलं होतं. मी त्या काळ्या पडद्यापुढे एकटा बसलो आणि काहीबाही बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि ऐकायला कुणी नव्हतंच. शेवटी वैतागून त्या लांब बटणावर मूठ आपटली आणि बाहेर येऊन खोलीचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी पाटी आली: ‘पेनड्राइव्ह?’ मी खिशातून काढून दाखवला. हिनं मान डोलावली आणि हसली. तो कोरा आहे हे मी सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत हिच्याशी मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण न बोलता बोललेलं हे पहिलंच.

शनिवारी बरोबर दहाला बेल वाजली. ऑपरेटरबाई दारात उभ्या, हातात पांढरी काठी, खांद्याला पिशवी. ही स्वयंपाकघरात होती. मी बाईंना जवळजवळ ओढतच छोट्या खोलीत नेलं.

“धाप लागलीये तुम्हाला,” बाई म्हणाल्या. दिवसभर लोकांचे आवाज ऐकणाऱ्या त्या, त्यांच्यापुढे काय लपवणार? “काय झालंय? ताई बऱ्या आहेत ना?”

मी सगळं सांगितलं. वहीसकट, शिक्क्यांसकट.

बाई हळूच खुर्चीवर टेकल्या. “चौदाही?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या थोडा वेळ काठीवरून बोटं फिरवत राहिल्या. “नऊ धडे माझे ऐकून झालेत, ताईंनी फोनवरून ऐकवले होते. पण शेवटच्या पाचांवरच निम्मे प्रश्न असतात हो.” त्यांनी मला एक शब्द बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मग त्यांनी मान कलती केली. “आवाज कसला येतोय?”

“त्याची घरघर. डॉक्टर म्हणाले धुगधुगी आहे.”

“अहो, पंखा फिरतोय आतला. चालू आहे की हा!”

“चालू आहे, पण पडदा पूर्ण काळा आहे.”

“मग?”

“मग म्हणजे... बाई, पडदा काळा असला की काही दिसत नाही.”

“मला कुठं दिसतंय?” बाई म्हणाल्या. “कीबोर्ड द्या इकडे.”

त्यांनी बोटांनी चाचपडून तीन बटणं एकदम दाबली. त्याबरोबर त्या डब्यातून एक बाई भराभर, सपाट आवाजात बोलायला लागली. मी दचकून मागे सरलो तो दारावर आदळलो. “पडद्यावरचं वाचून दाखवते ही,” म्हणत ऑपरेटरबाई मात्र शांतपणे बटणं दाबत होत्या, ऐकत होत्या, पुन्हा दाबत होत्या. त्या खोलीत कॉम्प्युटर बंद पडला नाही हे कळणारं माणूस एकच होतं, कारण त्याच्या पडद्याकडे बघत न बसलेलं माणूस तेवढंच होतं.

“काय म्हणतेय ती?” मी विचारलं.

“म्हणतेय, सगळं जागेवर आहे. पंधरा फाइली आहेत.”

मला रडू आलं, पण आकड्याची चूक मला सहन होत नाही. “चौदा,” मी म्हणालो.

“पंधरा. शेवटची कालची आहे, दुपारची. एक तास बारा मिनिटं.”

“कालची? हिला बोलायची बंदी आहे!” मी म्हणालो. “लपून वाचतेय की काय गोधडीत?”

“ऐकूया,” म्हणून बाईंनी बटण दाबलं.

“काही झालं?” खोलीत विमेवाल्यांचा आवाज घुमला.

मग टकटक. मग दातांच्या डॉक्टरांची घरघर आणि धुगधुगी. मग दोघांचं भांडण, त्यात विमेवाले माझ्याबद्दल डॉक्टरांना काय म्हणाले तेही आलं. मी फोनवर होतो तेव्हाचं ते. आत्ता मला कळलं की काल त्यांनी दाबलेलं ते मोठं बटण वाया गेलेलं नव्हतं. माझा मोजा घातलेला माईक तासभर सगळं मुकाट्यानं गिळत बसला होता.

“बंद करा, बाई,” मी म्हणालो.

“थांबा हो, छान चाललंय.”

डॉक्टर घरात नसताना डॉक्टरांचा आवाज आला म्हणून ही स्वयंपाकघरातून आली आणि पाटी हातात घेऊन दारात उभी राहिली. मी पुढे होऊन ते लांब बटण शोधायला लागलो, पण कीबोर्ड बाईंच्या मांडीवर होता आणि त्यांनी त्यावर दोन्ही हात ठेवले होते. आता माझा आवाज आला. एकट्याचा.

“हे बघ,” मी त्या डब्याला म्हणत होतो, “तुला हवं ते घे. राहिलेली सहा अपडेट्सही घे. बाईंचं मी बघतो. म्हणजे, खरंच बघतो. ते पुस्तक मला पाठ आहे, त्यांच्या घरी बसून तोंडी म्हणून दाखवीन. पण हिचा आवाज आता फक्त तुझ्यात आहे. डॉक्टर ‘बघू’ म्हणालेत. तीस वर्षं मी हिला ‘जरा गप्प बस’ म्हणत आलो. आता ही गप्प बसलीये तर मला घरात बसवत नाही. भीती वाटते रे. सगळे नको देऊस. एक धडा ठेव. रजेच्या नियमांचा ठेव, नाहीतर प्रवासभत्त्याचा ठेव. कुठलाही ठेव. पहिल्यातलं ते मोज्याचं भांडण तरी ठेव.”

मग मूठ आपटल्याचा आवाज आला आणि फाइल संपली.

मी जमिनीकडे बघत होतो. पाटीवर पेन्सिल खरखरायला लागली.

“ताई आल्यात ना?” बाईंनी विचारलं. “काय म्हणताहेत?”

“लिहितेय.”

“मग वाचून दाखवा की. मला कसं कळणार?”

आली का पंचाईत! हिनं पाटी माझ्यासमोर धरली. मी वाचलं, “‘ही अपडेट्स घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’”

“असं मेल्यासारखं नका वाचू,” बाई म्हणाल्या. “ताईंसारखं वाचा.”

मी घसा खाकरून हिच्या सुरात वाचलं. तीस वर्षं ऐकलेला सूर, तो बरोबर लागला. बाई हसल्या. हिनं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं.

“‘चौदा धडे बाईंना द्या. पंधरावी फाइल देऊ नका.’”

“बरोबर आहे, परीक्षेला नाही येणार ते,” बाई म्हणाल्या.

हिनं पाटी पुसली, तीन शब्द लिहिले आणि पाटी धरली. या वेळी मला ते वाचता येईनात.

“काय लिहिलंय?” बाईंनी विचारलं. “अहो, काय लिहिलंय?”

“‘ती माझी आहे,’” मी म्हणालो.

“आवाज बसला की तुमचाही,” बाई म्हणाल्या, आणि पुढे काही न विचारता त्यांनी पेनड्राइव्हसाठी हात पुढे केला. चौदा धडे घालायला त्यांना चार मिनिटं लागली. माझ्याच घरात मी बुधवारपासून शनिवारपर्यंत ज्या कामाला तीन दिवस घालवले, तेच ते काम.

उठता उठता त्या थांबल्या. “राहिलेल्या सहांत एक पडद्याचं अपडेट आहे, म्हणतेय ही डब्यातली. घेऊ का?”

“तुम्हाला लागणार असेल तर घ्या,” मी म्हणालो.

“मला कशाला लागतंय? तुम्हाला लागेल.”

त्यांनी बटण दाबलं आणि थोड्या वेळानं पडदा लखकन उजळला. सत्तावीसांपैकी आमच्या घराला खरोखर गरज होती ती त्या एकाची, आणि त्यावर माझा ‘दप्तरी दाखल’चा शिक्का ठसठशीत बसलेला होता. ही तेवढ्यात वही चाळत होती. हिनं ते पान माझ्यासमोर धरलं.

सोमवारी बाई पेपराला बसल्या त्याच वेळी आम्ही घशाच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. त्यांनी नळी घातली, आत खूप वेळ पाहिलं आणि “हं” म्हणाले. त्या ‘हं’मध्ये मला जे जे ऐकू आलं ते सांगत बसत नाही. माझ्या हातात हिची पाटी होती आणि ती घामानं ओली झाली होती.

“बसलीये गाठ, बरीचशी,” डॉक्टर म्हणाले. “बोला बघू काहीतरी. हळू.”

ही माझ्याकडे वळली. मला वाटलं, ‘अहो’ म्हणेल. दहा दिवस न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज निघाला, पण तो हिचाच होता.

“आधी जावक,” ही म्हणाली, “मग आवक. राहील लक्षात?”

डॉक्टरांना काही कळलं नाही. मी राहील म्हणालो.

निघताना त्यांनी मला चिठ्ठीवर लिहूनच दिलं: दिवसाला दहा मिनिटांच्या वर बोलू देऊ नका. ती दहा मिनिटं दवाखान्याच्या जिन्यातच संपली, त्यात माझे शिक्के होते, विमेवाले होते, मोजा होता आणि आत्याही होती. तीस वर्षांत पहिल्यांदाच हिला ‘गप्प बस’ म्हणायचा मला लेखी आदेश होता. चिठ्ठी खिशात होती, घड्याळ हातात होतं, आणि ते दोन शब्द माझ्या तोंडातून काही केल्या फुटेनात.